आधी मिहांबोचा हात

आमच्या वसाहतीतल्या मेणाच्या खोलीला दार नव्हतं. पूर्वी होतं, ते वाळवीनं खाल्लं, आणि नवीन बसवायचं कुणी मनावर घेतलं नाही. त्यामुळे मिहांबो आत काय करतोय ते मला पट्ट्या वाळत घालता घालता रोज दिसायचं. पट्ट्या धुणं हे माझं काम. जखमांवरच्या पट्ट्या उकळत्या पाण्यात टाकायच्या, लांब काठीनं ढवळायच्या, दोरीवर घालायच्या, वाळल्या की गुंडाळून ठेवायच्या. कुणाचा पाय चिघळलाय आणि कुणाचा भरत आलाय, हे मला माणूस न बघता कळतं. मिहांबोची पट्टी मात्र माझ्या हंड्यात कधी आली नव्हती, आणि त्याचा त्या माणसाला भारी तोरा होता.

तसा तोही आमच्यातलाच. महारोगानं तरुणपणीच त्याच्या पायाची बोटं नेली होती. टायरच्या चपला फटक फटक वाजवत चालायचा. पण गोळ्यांनी रोग थांबला तेव्हा त्याचे हात वाचले होते. सरळ, लांब बोटं, वर नखं शाबूत. आम्ही बाकीचे आमची वाकडी बोटं अंगावरच्या कांग्याच्या कापडात लपवून उभे राहायचो आणि हा पुढे होऊन पाहुण्यांशी हात मिळवायचा. पाद्री येवो, सरकारी साहेब येवो, मिहांबोचा हात पुढे. मला राग यायचा. एकदा मी म्हणालेसुद्धा, "हात मिळवायचा वेगळा पगार मिळतो का हो तुम्हाला?"

"जळा, शिजाच्या आई, खुशाल जळा," तो मला माझ्या लेकराच्या नावानं हाक मारून म्हणाला. "भाजलं तरी तुम्हाला कुठं कळतंय!"

असले विनोद आमच्यात चालतात. बाहेरच्या माणसाला ते ऐकवत नाहीत. पण ज्याच्या हातापायाला विस्तव आणि पाणी यातला फरक कळत नाही, त्यानं हसायचं नाही तर काय रोज छाती पिटायची?

मेणाचं काम असं होतं. या रोगात हाताची बोटं आखडतात, आत वळतात आणि तशीच राहतात. ती मऊ करायला गरम मेण लागतं. शहरातून रेल्वेनं पांढऱ्या मेणाच्या वड्या यायच्या, खडूसारख्या, वास नाही, चव नाही. मिहांबो मोठ्या पातेल्यात पाणी ठेवायचा, त्यात दुसरं पातेलं, आणि त्यात ते मेण वितळवायचा. मग विस्तव बाजूला ओढायचा आणि वाट बघायचा. दुधावर धरते तशी मेणावर पातळ साय धरली की मेण तयार. रुग्णानं हात बुडवायचा, काढायचा, वाळला की पुन्हा बुडवायचा. थरावर थर चढून हातावर जाड मोजा व्हायचा. त्यावर कापड गुंडाळून बसून राहायचं. मोजा सोलला की हात लाल, ओलसर आणि लोण्यासारखा मऊ. मग मिहांबो एकेक बोट आपल्या बोटांत धरून सरळ करायचा.

धोका कुठं आहे ते सांगायला नकोच. मेण जास्त तापलेलं असलं तर आमच्या हाताला ते कळणार नाही. आम्ही मजेत गप्पा मारत बसू आणि आत हात शिजेल. पूर्वी एक काचेची नळी होती, ताप मोजायची. ती फुटली. मेट्रन एवोडिया दर वेळी शहराला कळवायची आणि दर वेळी शहर गप्प बसायचं. कुणाचं फारसं अडलंही नाही, कारण मिहांबोचा हात होता. तो आधी स्वतःचा उजवा हात मेणात घालायचा, काढायचा, म्हणायचा, "चला." मगच आम्ही घालायचो. नळी असतानाही लोक तसंच करायचे. मेट्रन नळी दाखवून सांगायची, "बरोबर आहे, घाला हात," तरी म्हाताऱ्या बायका मिहांबोकडे बघत थांबायच्या. नळीवर कुणाचा विश्वास? तिला थोडंच भाजतं!

मेणाचा त्याला नादच होता. त्याचे वाडवडील मधवाले. रानात झाडांच्या सालीची मधमाश्यांची घरं टांगायची, मध काढायचा, उरलेलं पोळं उकळून गाळून मेणाच्या पिवळ्या ढेपा करायच्या, हे त्याच्या रक्तातलं. त्याच्या मेव्हण्यानं पानात बांधून आणलेलं मधमाश्यांचं मेण आणि भुईमुगाचं तेल एकत्र कढवून तो पायांच्या भेगांना मलम करायचा. माझ्या टाचा त्या मलमानं वाचल्या, हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. वर्षातून एकदा दातांचे डॉक्टर येत, त्यांच्याकडे गुलाबी मेणाचे पत्रे असत. माझे वरचे दात त्यांनीच केले. आधी ते मेणात दात रोवून तोंडात बसवून बघतात, नीट चावतात का म्हणून. मला म्हणाले, जरा बसा, काही खाऊ नका. मी बसले. आणि शेजारणीनं गरम पेजेची वाटी पुढे केली तशी प्याले. दात हिरडीवरून सटकून थेट वाटीत! डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. मिहांबो हसून हसून भिंतीला टेकला. "अहो, ते कमी तापात वितळतं," तो म्हणाला. "प्रत्येक मेणाचा स्वभाव वेगळा."

हे त्याला माहीत होतं. मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणानं झालं नाही.

त्या थंडीत त्याच्या उजव्या हातातली जाणीव गेली. एका दिवसात नाही. आधी करंगळी झोपल्यासारखी झाली, मग तिच्या शेजारचं बोट, मग तळवा. रोग मेलेला असतो, तरी आतल्या शिरा कधीकधी कितीतरी वर्षांनी मरतात. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक आहे, त्यालाही होतं. एका सकाळी चहाचा पत्र्याचा पेला त्यानं धरला आणि पेला गरम आहे हे त्याला ओठांनी सांगितलं, हातानं नाही. हे त्यानं मला पुष्कळ नंतर सांगितलं. तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? वसाहतीचा नियम होता. ज्याच्या हाताला जाणीव नाही त्यानं विस्तवाचं काम करायचं नाही. मेट्रनला कळलं असतं तर त्याच दिवशी मेणाची खोली सुटली असती आणि मिहांबोला आंब्याखालच्या म्हाताऱ्यांत बसावं लागलं असतं, जिथं दिवसभर माश्या हाकलायच्या आणि एकमेकांची दुखणी ऐकायची. त्या म्हाताऱ्यांची तो जन्मभर टिंगल करत आला होता. आता त्यांच्यात जाऊन बसायचं, हे त्याला मरणाहून वाईट वाटलं. रोज सकाळी तो हात मेणात घालायचा आणि सायीकडे डोळ्यांनी बघून अंदाज करायचा. साय खोटं बोलत नाही, असं त्यानं मनाला समजावलं. आणि पांढऱ्या मेणाची साय खरंच खोटं बोलत नव्हती. म्हणून इतके दिवस काही बिघडलं नाही.

त्याच सुमाराला काबुला शस्त्रक्रियेच्या तयारीत होती.

काबुला म्हणजे आमच्याकडची सगळ्यात तरुण पोर. आली तेव्हा उजव्या हाताची बोटं वळून तळव्याला टेकली होती आणि अंगठा लुळा. घरी असताना ती केस विणायची, बारीक बारीक वेण्या, डोक्याला चिकटून जाणाऱ्या. तिच्या गावात लग्न असलं की बायका तिच्या दारात रांग लावून बसत. रोग कळल्यावर त्याच बायकांनी तिनं विणलेल्या वेण्या कापून टाकल्या. इथं आल्यावर ती डावा हात आणि दात यांच्या मदतीनं माझे केस विणायची, आणि वेणी वाकडी झाली की चिडून उसवायची. मोठ्या शहरातले डॉक्टर येणार होते. ते हाताच्या आतली एक धडधाकट दोरी काढून लुळ्या अंगठ्याला जोडतात, मग अंगठा पुन्हा उभा राहतो. पण त्याआधी बोटं मऊ आणि कातडी चांगली हवी. आखडलेल्या किंवा जखमी हाताला ते हात लावत नाहीत. म्हणून काबुला रोज मेणात हात घालायला यायची, न चुकता, सगळ्यांच्या आधी.

"मावशी, अंगठा उभा राहिला ना, की पहिली तुमची वेणी," ती म्हणायची. "पण केस राहू द्या तोवर डोक्यावर."

"माझे केस राहतील. तू आधी मिहांबोबाबाला विचार, तुझी बोटं वळतायत का."

"वळतायत!" मिहांबो आतून ओरडायचा. "आता ही पोर माझं डोकंसुद्धा विणेल."

त्याच्या डोक्यावर केस म्हणून नव्हता. तरी ती खूप हसायची.

आणि मग पांढरं मेण संपलं. शेजारच्या देशाशी चाललेलं युद्ध संपून काही दिवस झाले होते, पण दुकानं रिकामीच होती. साबण नाही, रॉकेल नाही, पट्ट्यांना नवीन कापड नाही. मेणाच्या वड्यांची वाट बघत मिहांबो पातेल्याच्या तळाचं मेण खरवडून वापरत होता. डॉक्टरांची येण्याची तारीख तर ठरलेली. आता मेण थांबलं तर काबुलाची बोटं पुन्हा आखडणार, आणि डॉक्टर पुन्हा कधी येतील ते देवाला माहीत.

तेव्हा त्यानं मेव्हण्याला निरोप धाडला. मेव्हण्यानं पिवळ्या मेणाच्या ढेपा आणल्या, मधाच्या वासाच्या. मिहांबोनं त्या उरलेल्या पांढऱ्या मेणात टाकल्या. मेट्रननं विचारलं, "हे चालेल का?"

"मेट्रनबाई, हे आपल्या रानातलं मेण. आपण पायाला लावतो, ओठाला लावतो, पोरांच्या कानामागं लावतो. त्या परदेशी वड्यांपेक्षा हे भलं. आपलं मेण आपल्याला भाजेल होय?"

मेट्रनही आमच्याच मुलखातली. तीही लहानपणी त्याच मेणानं भेगा भरत मोठी झालेली. ती म्हणाली, "बरं."

आमच्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच म्हटलं असतं. मीसुद्धा. मधाचा वास आला की आमच्या लोकांचा धीर वाढतो. पण पिवळं मेण पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापल्यावर वितळतं, आणि जास्त तापलेलं असतानाच त्याच्यावर साय धरते. प्रत्येक मेणाचा स्वभाव वेगळा, असं म्हणणारा माणूस त्या दिवशी सायीकडे बघून म्हणाला, तयार झालं.

काबुला आली. कमरेत वाकून तिनं नमस्कार केला, बाजूला बसली. खोलीभर मधाचा वास सुटला होता, मला दोरीपाशीसुद्धा येत होता. मिहांबोनं उजवा हात मेणात घातला आणि काढला. हातावर पिवळा थर चढला. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चल."

तिनं हात घातला. काढला. पुन्हा घातला. पुन्हा. हे मेण जरा जास्तच चिकटतंय, असं ती म्हणाली. "चिकटू दे, गुणाचं आहे," तो म्हणाला. मग कापड गुंडाळून ती बसली आणि मला गावच्या कुणा नवरीची गोष्ट सांगू लागली, जिच्या वेण्या इतक्या घट्ट झाल्या की तिला लग्नात डोळे मिटता येईनात. मी हसले. माझ्यासमोर तिचा हात भाजत होता आणि मी हसत होते. तिलाही काही कळत नव्हतं. मोजा सोलला तेव्हा हात लाल होता, पण मेणातून तो नेहमीच लाल निघतो. बाकीच्यांना मिहांबोनं त्या दिवशी परत पाठवलं, कारण मिश्रण लवकर घट्ट होत होतं आणि पातेल्याच्या कडेला जमत होतं. त्याला ते आवडलं नव्हतं. त्यानं पातेलं झाकून ठेवलं.

भाजलेलं लगेच दिसत नाही. संध्याकाळी काबुलानं खोपटात चूल पेटवली आणि स्वतःपुरती पेज शिजवली. शस्त्रक्रियेच्या यादीतल्या माणसानं चुलीजवळ जायचं नाही, त्यानं सामाईक स्वयंपाकघरातली उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि भाजी खायची, असा नियम होता. पण त्या दिवशी भाजी पुन्हा म्लेंडाच्या पाल्याचीच होती, चिकट बुळबुळीत, आणि पोरीला ती नकोशी झाली होती. तेवढंच. सकाळी उठली तर हात फुगलेला, बोटाबोटावर पाण्यानं भरलेले फोड, तळव्याची कातडी ओल्या कागदासारखी सुटलेली.

मेट्रननं हात बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "चूल पेटवली होतीस?"

काबुलाला खोटं बोलता येत नव्हतं. "हो."

"किती वेळा सांगितलं! किती वेळा! डॉक्टर इतक्या लांबून येणार आणि तू पेजेसाठी हात जाळून घेतलास?"

"पण मी चुलीला हात लावला नाही, बाई. म्हणजे… मला वाटतं लावला नाही."

"तुला वाटतं? तुला कळलं असतं का लावला तर?"

यावर ती काय बोलणार? आमच्या हाताचं काय झालं, हे आम्हालाच सगळ्यांत शेवटी कळतं. दुसरं कुणी शपथेवर सांगितलं की तू विस्तवात हात घातलास, तर आम्हाला मान खाली घालावी लागते. कुणीतरी मेणाचं नाव काढलं. लगेच सगळे म्हणाले, छे, मेणात आधी मिहांबोचा हात गेला होता. विषय तिथंच संपला.

मिहांबो तिथंच उभा होता. उजवा हात कोटाच्या खिशात. त्या हातावरही आदल्या संध्याकाळी फोड आले होते आणि त्यानं ते बघितले होते. त्याला सगळं कळलं होतं. पिवळं मेण का चिकटलं, साय का लवकर धरली, सगळं. त्यानं खिशातला हात आणखी आत ढकलला.

मेट्रननं काबुलाचं नाव यादीतून काढलं. नियम मोडला म्हणून जखम भरली की घरी पाठवायचं, असंही ठरलं, म्हणजे बाकीच्यांना धाक बसेल. घरी म्हणजे कुठं? ज्यांनी वेण्या कापून टाकल्या त्यांच्यात. वसाहतीतल्या बायका येता-जाता तिला टोमणे मारू लागल्या. "पेज गोड लागली का गं?" पाणी भरताना, भुईमूग फोडताना, सगळीकडे तेच. सगळ्यात वाईट म्हणजे पोरीचाही स्वतःवर तोच विश्वास बसला. मी तिची पट्टी बदलायला गेले तर ती डाव्या हातानं त्या भाजलेल्या हाताला चापट मारत होती. "हाच, मावशी. मेलाच हा. ह्याला एवढंसुद्धा कळत नाही." मी तिचा हात धरला. मला रडू आवरलं नाही. तिच्या पट्टीला मधाचा वास येत होता आणि माझ्या मंद डोक्यात तरी काही शिरलं नाही.

डॉक्टर आले. व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. काबुलाचा हात त्यांनी उघडून बघितला आणि लगेच मान हलवली. पू झाला होता, दोन बोटं काळी पडत चालली होती. त्यांनी मेट्रनला विचारलं, हे झालं कसं? मेट्रननं चुलीची गोष्ट सांगितली. काबुला खाली बघत उभी होती. आजूबाजूला आम्ही अर्धी वसाहत.

तेव्हा मिहांबो पातेलं घेऊन आला. खोलीतून व्हरांड्यापर्यंत त्यानं ते फरफटतच आणलं. आत तेच पिवळं मिश्रण होतं, वितळलेलं, वर नुकतीच साय धरलेली. कोटातून त्यानं उजवा हात काढला. वर चिंधी गुंडाळलेली होती. त्यानं दातांनी गाठ सोडली. फुटलेले फोड, मध्ये लाल मांस. आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं तो हात मनगटापर्यंत मेणात घातला.

त्याच्या तोंडावर काहीही उमटलं नाही. डोळ्याची पापणी हलली नाही.

"मेट्रनबाई," तो म्हणाला, "आता तुमचं बोट घाला. तुमचं चांगलं आहे."

मेट्रन भांबावली. पण तिनं बोटाचं टोक बुडवलं, आणि किंचाळून मागे झाली. बोट तोंडात घालून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"साय होती, तरी एवढं गरम," मिहांबो म्हणाला. "पिवळ्याचं असंच असतं. मला आठवायला हवं होतं. आणि आठवलं नसतं तरी हातानं सांगितलं असतं. पण हात गेलाय माझा. थंडीतच गेला. पोरीनं चुलीला हात लावला नाही. मी भाजला."

"बाबा, काढा तो हात!" मेट्रन ओरडली. "आधी काढा!"

त्यानं खाली बघितलं. हात अजून आतच होता. तो विसरला होता.

कुणी शिव्या दिल्या, कुणी थुंकलं. ज्या बायका काल काबुलाला पेजेवरून टोचत होत्या, त्या आज, आंब्याखाली बसायची लाज वाटली म्हणून पोरीचा हात घालवला, असं म्हणत मिहांबोला शाप देऊ लागल्या. मीही शिव्या दिल्या. खोटं कशाला बोलू? मला त्याचा इतका संताप आला की हातातली काठी त्याच्या पाठीत घालावीशी वाटली. आणि त्याच वेळी त्याच्या त्या हाताकडे बघवत नव्हतं.

मेट्रननं काबुलाचं घरी जाणं रद्द केलं. सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, हे तिच्याकडून मोठंच होतं. पण अंगठ्याचं काय? मेट्रननं डॉक्टरांना दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, कुणी भाजलं यानं हाताला काही फरक पडत नाही.

त्यांनी सामान काबुलाचा अंगठा उभा करायला आणलं होतं. त्याच सामानानं त्यांनी तिची दोन बोटं कापली, आणि दुसऱ्या दिवशी मिहांबोची तीन. मी टेबलापाशी पट्ट्या देत होते. हाड कापल्यावर त्याच्या टोकातून रक्त झिरपतं, ते थांबवायला त्यांच्याकडे चिमटीएवढी मेणाची गोळी होती. ती त्यांनी हाडावर दाबून बसवली. मी विचारलं, हे कसलं मेण? त्यांनी सांगितलं, बहुतेक मधमाश्यांचंच असतं. मिहांबो टेबलावर जागा होता, कारण त्याला भुलीची फारशी गरजच नव्हती. त्यानं ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पट्ट्या सुटायच्या आधी तो काबुलाला भेटायला गेला. मी टोपली घेऊन दारात होते, म्हणून मला ऐकू आलं. तो खाटेशेजारी जमिनीवर बसला. मग तीच म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, बाबा. नाहीतर मी जन्मभर स्वतःलाच मारत बसले असते."

"आधीच सांगायला हवं होतं. थंडीत."

"हो," ती म्हणाली. "थंडीत सांगितलं असतंत तर माझी बोटं राहिली असती."

त्यानं मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला ऐकवेना.

"मेट्रनबाई म्हणतात, नवी नळी मागवलीय," ती पुढे म्हणाली. "उरलेली बोटं आखडू नयेत म्हणून पुन्हा मेण घ्यायचं. पांढरं. नळीत बघून हात घालायचा म्हणे." तिनं पट्टीतला हात मांडीवर घेतला. "बाबा, वसाहतीत आपल्यातल्या सगळ्यांचेच हात मेलेले. एक तुमचाच जिवंत होता. आता मी कुणाच्या मागून हात घालू?"

मिहांबोनं तिच्याकडे बघितलं. मी टोपली तशीच घेऊन परत फिरले.

पांढरं मेण आलं, नळीही आली. मेट्रननं स्वतः काबुलाचा हात धरून तिला खोलीपर्यंत नेलं. पोर उंबऱ्याशी उभी राहिली आणि आत आली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. तिची उरलेली बोटं आता तळव्यात रुतली आहेत.